गप्पी मासा: काचेच्या पेटीतून देवाच्या तळीत

गेल्या वैशाखात अंत्रुज महालातील एका देवस्थानच्या तळीकाठी आम्ही बसलो होतो. पाणी बरेच खाली गेले होते. एरवी न दिसणाऱ्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि कडेच्या उथळ पाण्यात बोटाच्या पेराएवढ्या माशांचे थवे फिरत होते. शेजारी बसलेले वयोवृद्ध महाजन म्हणाले, "आमच्या लहानपणी या तळीत डोक्यावर चांदीचा ठिपका असलेले मासे असत. पाय सोडून बसले की पायांशी येत. आता एकही दिसत नाही."

आम्ही काही बोललो नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी याच पायऱ्यांवर शेजारच्या वाड्यावरील एक मुलगा काचेची बरणी छातीशी धरून आमच्यापुढे उभा राहिला होता. वडिलांची बदली बेळगावास झाली होती, बिऱ्हाड हलणार होते, आणि बरणीत त्याचे लाडके गप्पी मासे होते. नरांच्या शेपट्या जपानी पंख्यासारख्या पसरलेल्या, निळ्या-तांबड्या. "काका, आता यांचे काय करू?" त्याने विचारले. आम्ही मोठ्या समजूतदारपणे सांगितले, "देवाच्या तळीत सोड. जीव वाचतील, डासही कमी होतील, आणि तुला पुण्य लागेल." मुलाने बरणी उपडी केली.

त्या सल्ल्यात काय काय चुकले होते, हे कळण्यासाठी आम्हांस या माशाचा इतिहास वाचावा लागला. तो इतिहास मोठा चमत्कारिक आहे, आणि त्यातील काही धागे आपल्या देशापर्यंत येऊन पोचतात. म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मराठी कानास 'गप्पी' हे नाव लाघवी वाटते. एखाद्या गप्पिष्टाचा भाऊबंद असावा, असे. वस्तुतः ते एका गृहस्थाचे आडनाव आहे. रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी यांचा जन्म १८३६ साली लंडनला झाला. तरुणपणी ते जहाज फुटून न्यूझीलंडच्या किनाऱ्यास लागले आणि काही काळ माओरी लोकांत राहिले. पुढे वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर ते स्थायिक झाले व तेथील शाळांचे मुख्य तपासनीस झाले. शाळा तपासण्याच्या निमित्ताने बेटभर फिरावे आणि जाता-येता शंखशिंपले, खडक, जीवाश्म गोळा करावेत, असा त्यांचा छंद होता. त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे काही इवलेसे मासे पाठविले. तेथील मत्स्यशास्त्रज्ञ आल्बर्ट ग्युंथर यांनी १८६६ साली त्यांचे वर्णन करून, पाठविणाऱ्याच्या सन्मानार्थ 'गिरार्डिनस गप्पी' हे नाव दिले.

परंतु हा मासा विद्वानांच्या दरबारात आधीच हजर झालेला होता. बर्लिनच्या विल्हेल्म पेटर्स यांनी १८५९ साली, व्हेनेझुएलातील काराकासहून आलेल्या नमुन्यांवरून, त्याचे 'पोसिलिया रेटिक्युलाटा' असे नामकरण केले होते. 'रेटिक्युलाटा' म्हणजे जाळीदार, कारण खवल्यांच्या कडांमुळे अंगावर जाळी विणल्यासारखी दिसते. १८६१ साली इटलीच्या दे फिलिप्पी यांनी बार्बाडोसच्या माशांस तिसरेच नाव दिले. शास्त्राच्या नियमाने अग्रमान पेटर्सच्या नावास मिळाला. मध्यंतरी पन्नास वर्षे 'लेबिस्टेस' या वेगळ्या कुळात या माशाची रवानगी झाली होती. १९६३ साली तो पुन्हा 'पोसिलिया'त परतला. गप्पी साहेबांचे नाव ग्रंथांतून गेले ते गेलेच. लोकांच्या तोंडून मात्र ते कोणासही काढता आले नाही.

हा मासा अंडी घालीत नाही, जिवंत पिले देतो. सुमारे चार आठवड्यांत मादी वीस-तीस, कधी त्याहूनही अधिक पिलांस जन्म देते. शिवाय नराचे वीर्य ती कित्येक महिने शरीरात साठवून ठेवू शकते. एकदा मीलन झाले की नर जवळ नसतानाही तिच्या विणी चालू राहतात. ही एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढील बराच इतिहास तिच्याभोवती फिरतो.

भारतात हा मासा आला तो शोभेसाठी आला नाही. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू सापडले, आणि साचलेल्या पाण्याकडे पाहण्याची सरकारी दृष्टी एकदम बदलली. पाणी तेथे डास, डास तेथे ताप, तेव्हा पाण्यात अळ्या खाणारा मासा सोडावा, हा विचार ओघानेच आला. १९१० च्या सुमारास गप्पी भारतात आणला गेला. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर आपला अहवाल दिला व शहरातील विहिरींवर बोट ठेवले. विहिरी बुजवाव्यात किंवा झाकाव्यात, असा प्रश्न निघताच हिंदू आणि पारशी दोन्ही समाजांतून तक्रारी उठल्या. धर्मकृत्याचे पाणी उघड्या विहिरीचे असावे लागते, त्यावर सूर्याचे किरण पडावे लागतात. त्या काळच्या धार्मिक मंडळींस आज कोणी हसेल. आम्हांस हसू येत नाही. पाणी ही नुसती डासांची वीण नव्हे, हे त्यांना ठाऊक होते. डास कोठे वाढतो हे मात्र ठाऊक नव्हते. अशा भांडणात, विहीर न बुजविता डासांचा बंदोबस्त करणारा मासा सर्वांसच सोयीचा वाटावा, यात नवल नाही. आजही आरोग्य खात्याचे लोक गावोगाव 'गप्पी मासे' सोडताना दिसतात, आणि मराठी वर्तमानपत्रांतून या परदेशी माशाचे नाव घरच्यासारखे वाचावयास मिळते.

इकडे हा मासा पाण्याचा शिपाई होत असता तिकडे युरोपात त्याचे दुसरेच आयुष्य सुरू झाले होते. १९०८ च्या सुमारास जिवंत गप्पी जर्मनीत पोचले आणि काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्या हौशी मंडळींच्या हाती लागले. रानटी नर अंगाने इंचभराचा. पण एका नरासारखा दुसरा नसतो. कोणाच्या कुशीवर नारिंगी ठिपका, कोणाच्या शेपटीवर काळी रेघ, कोणास खालच्या बाजूने तलवारीसारखे टोक. मादी मात्र मातकट आणि नराच्या दुप्पट आकाराची. ही विविधता कोठून येते, हा प्रश्न पाळणाऱ्यांपेक्षा शास्त्रज्ञांस अधिक खुपला.

त्याचे पहिले उत्तर कोपनहेगनला मिळाले, आणि तेही मद्य गाळणाऱ्या एका कारखान्याच्या आश्रयाने चालणाऱ्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. योहानेस श्मिट हे ईल माशाच्या जन्मस्थानाचा माग काढीत अटलांटिक महासागर धुंडाळणारे संशोधक. त्यांनी १९२० साली दाखविले की नर गप्पीच्या पाठीवरील परावरचा काळा डाग पित्याकडून केवळ पुत्राकडे जातो. मुलीत तो दिसत नाही, आणि मुलीच्या पोटी येणाऱ्या नातवांतही उतरत नाही. पुढे ओय्विन विंगे यांनी १९२२ पासून या कामास वाहून घेतले आणि असे गुण नराच्या 'वाय' गुणसूत्रावर वसलेले आहेत, हे सिद्ध केले. पाठीच्या परावर काळा डाग व कुशीवर तांबडा ठिपका असलेल्या एका वाणास त्यांनी 'मॅक्युलाटस' म्हणजे 'डागाळलेला' असे नाव दिले.

आमच्या वाचकांस हा क्रम परका वाटणार नाही. गोत्र जसे पित्यापासून पुत्रास मिळते, तसाच हा डाग. परंतु उपमा फार ताणू नये, कारण विंगे यांनीच ती मोडली. १९२३ साली त्यांनी दाखविले की 'एक्स' आणि 'वाय' या दोन गुणसूत्रांत क्वचित देवाणघेवाण होते आणि बापाकडचा गुण लेकीच्या वाट्यास जातो. शिवाय काही रंग 'एक्स'वरही बसलेले असतात. ते मादीच्या अंगी असतात, पण दिसत नाहीत. तिच्या मुलांत प्रकट होतात. मातकट दिसणारी मादी पोटात रंगांचा वारसा घेऊन फिरत असते. जे शौकीन पुढे केवळ देखणा नर निवडीत बसले आणि मादी हाताला येईल ती घेऊ लागले, त्यांचे वाण तीन-चार पिढ्यांत का ढासळत, याचे उत्तर येथे आहे.

आता शेपटीकडे वळू. बाजारात ज्यास फॅन्सी गप्पी म्हणतात, त्याचे सारे वैभव शेपटीत असते. रानटी नराची शेपटी आखूड, गोलसर व बरीचशी पारदर्शक. तिचा आजचा रुंद त्रिकोण हा प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या मध्यावरचा पराक्रम. त्यात सर्वांत अधिक घेतले जाणारे नाव पॉल हॅनेल यांचे. हे जर्मनीतून जाऊन न्यूयॉर्कला स्थायिक झालेले गृहस्थ. १९५० च्या दशकात त्यांच्या घरच्या पेट्यांतून निघालेले मोठ्या शेपटीचे नर पाहून अमेरिकेतील हौशी मंडळी थक्क झाली. ग्रीक लिपीतील 'डेल्टा' अक्षर त्रिकोणी असते, म्हणून अशा शेपटीस 'डेल्टा' म्हणू लागले. १९६५ साली अमेरिकेत इंटरनॅशनल फॅन्सी गप्पी असोसिएशन स्थापन झाली. शेपटीच्या कडा किती सरळ, रंग किती एकसारखा, पाठीचा पर शेपटीस किती साजेसा, यांस गुण देण्याचे नियम ठरले. आपल्याकडे खिलार बैलाची शिंगे, वशिंड आणि चाल पाहतात, तसाच हा प्रकार.

हे वाण टिकविण्याचे कष्ट ज्याने केले त्यासच कळतात. पिले तीन-चार आठवड्यांची होतात न होतात तोच नर-माद्या वेगळ्या कराव्या लागतात, कारण एक दिवस उशीर झाला तर कोणत्यातरी आडदांड भावाचे बीज मादीच्या पोटात महिनोन्महिने राहते आणि ठरविलेली जोडी व्यर्थ जाते. एकाच वाणाच्या दोन-तीन शाखा स्वतंत्र पेट्यांत वाढवावयाच्या, आणि रक्त फार जवळचे होऊन पिले खुरटू लागली की एका शाखेचा नर दुसरीस द्यावयाचा. आर्टेमिया नावाच्या खारट पाण्यातील किड्याची नुकती फुटलेली पिले दिवसातून अनेकदा खाऊ घालावयाची. पाणी वारंवार बदलावयाचे. शंभर पिलांतून दोन-चार नर ठेवण्याजोगे निघतात. आणि एवढे करून जो नर तयार होतो, तो आपली शेपटी ओढीत कसाबसा पोहतो. ती फाटते, कुजते, पुष्कळदा त्याच्या हालचालीच आवरून धरते.

या शाखांपैकी आम्हांस स्वतःस 'हाफ ब्लॅक' वाण आवडतो. पुढील अर्धे अंग फिकट, आणि पाठीच्या परापासून मागे शेपटीच्या मुळापर्यंत काळे कुळकुळीत. दुकानदार त्यास 'टक्सेडो' म्हणतात, म्हणजे साहेबांचा मेजवानीचा काळा कोट. दुसरा प्रसिद्ध वाण 'स्नेकस्किन'. अंगभर सापाच्या कातीसारखी नक्षी, ज्यास बाजारात 'कोब्रा' असेही म्हणतात. ही नक्षीही बहुधा पित्याकडूनच पुत्रास मिळते. सिंगापूरच्या मत्स्यशेतांवर हे दोन्ही वाण विपुल वाढविले गेले, आणि त्यांची आनुवंशिकता तेथील व्हायोलेट फँग यांनी १९८० च्या दशकापासून तपासली. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात पाण्याने फुगविलेल्या पिशव्यांतून जे गप्पी लटकत असतात, ते याच खानदानाचे दूरचे आप्त.

येथे एका बाईंचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. हेलन स्परवे या लंडनच्या संशोधिका. गप्पीच्या काही माद्या नराचे तोंडही न पाहता पिलांस जन्म देतात, असे त्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केले. १९५५ मध्ये वर्तमानपत्रांनी त्यावरून मोठी राळ उडविली आणि मनुष्यांतही कुमारीमाता शोधण्यापर्यंत मजल गेली. बाईंनी आपले काम चालू ठेवले, आणि १९५७ साली स्वतःच नवे स्पष्टीकरण पुढे मांडले: त्या माद्या उभयलिंगी असून स्वतःच स्वतःस फलित करीत होत्या. त्याच वर्षी पती जे. बी. एस. हाल्डेन यांच्यासह त्या भारतात आल्या. हाल्डेन १९६४ साली भुवनेश्वरला वारले. बाई पुढे हैदराबादेस राहिल्या. हैदराबादच्या आमच्या वाचकांपैकी कोणाच्या वडीलधाऱ्यांनी त्यांस पाहिलेही असेल.

तर मग निसर्गात ही मोठी शेपटी का नव्हती? याचे उत्तर गप्पीच्या माहेरी, त्रिनिदादच्या ओढ्यांत आहे. तेथे धबधब्यांच्या खाली मोठे शिकारी मासे असतात, आणि तेथील गप्पी नर फिके असतात. धबधब्याच्या वर शिकारी पोचत नाहीत. तेथील नर रंगीत असतात, कारण माद्यांस नारिंगी ठिपके आवडतात. जॉन एंडलर यांनी १९७६ साली खालच्या प्रवाहातील दोनशे गप्पी उचलून गप्पी नसलेल्या वरच्या ओहोळात नेऊन सोडले. दोन वर्षांनी पाहतात तो त्यांचे वंशज अधिक रंगीत झालेले. मादीची आवड आणि शिकाऱ्याची नजर, या दोहोंच्या ओढाताणीत नराचा पोशाख ठरतो. काचेच्या पेटीत या दोघांचीही सत्ता संपते व तेथे केवळ माणसाचा डोळा निवड करतो. ज्या निरुपद्रवी पेटीत शेपटी वाढली, त्या पेटीबाहेर ती जगू शकत नाही. (या एंडलर यांच्या नावाने ओळखला जाणारा व्हेनेझुएलातील जवळचा मासा २००५ साली स्वतंत्र जाती ठरला, त्याचे नाव विंगे यांच्या स्मरणार्थ 'पोसिलिया विंगेई' असे ठेवले आहे.)

आता त्या मुलाच्या बरणीकडे येऊ. तिच्यातील पंख्यासारख्या शेपटीचे नर तळीत किती दिवस टिकले असतील? खंड्या वर बसलेला, दिवड पायऱ्यांच्या फटीत. आठवडाभर म्हटले तरी फार झाले. ज्यांस वाचविले असे आम्ही समजत होतो, त्यांना आम्ही ताटावर वाढले होते. परंतु माद्या राहिल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उघड्यावरील टाक्यांत एकेकटी गाभण मादी सोडून पाहिले, तेव्हा दोन वर्षांनंतरही बहुतेक टाक्यांत तिची प्रजा नांदत होती. एक मादी पुरते. आणि ती प्रजा पिढ्या जाता जाता पुन्हा रानटी रूपाकडे वळते. आखूड शेपटीची, फिकी, चिवट.

डासांचे म्हणाल तर गप्पी अळ्या खातो, हे खोटे नाही. बंद हौदात, कारंज्यात, बांधकामाच्या टाकीत त्याचा उपयोग होत असेल. पण तो शेवाळ खातो, गाळ खातो, आणि इतर माशांची अंडी व नुकती जन्मलेली पिलेही खातो. २०१६ साली काही शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन इशारा दिला की डासांवरील त्याच्या परिणामाचा पुरावा मानला जातो तितका भक्कम नाही, आणि मोकळ्या पाण्यात त्यास सोडण्याचा धोका मात्र खरा आहे. याहून आम्हांस लाज वाटली ती एका घरच्याच गोष्टीची. गोव्यात हिवतापाच्या डासांविरुद्ध एका उपयुक्त जीवाणूच्या जोडीने मासा सोडण्याचे जे प्रयोग झाले व ज्यांचा वृत्तांत १९९८ साली प्रसिद्ध झाला, त्यांत वापरलेला मासा गप्पी नव्हता. तो 'अॅप्लोचीलस ब्लॉकी' होता. आपल्याच किनारपट्टीच्या गोड्या पाण्यातला, दीड-दोन इंचांचा, पाण्याच्या पृष्ठभागालगत राहून अळ्या टिपणारा. प्रयोगात डासांची वीण घटली आणि तापाचे रुग्णही घटले. या कुळातील माशांच्या डोक्यावर चांदीसारखा चकचकीत ठिपका असतो. म्हणजे शिपाई तळीत आधीच पहाऱ्यावर होता, आणि आम्ही त्याच्या डोक्यावर परक्यास आणून बसविले.

देवाच्या पाण्यात मासा सोडणे पुण्याचे, ही समजूत आमच्या मनात कोठून आली, याचाही आम्ही विचार केला. महाडजवळच्या वाळणकोंडीत वरदायिनीचे म्हणून जे मासे राखले आहेत, वाड्याजवळ तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात शंकराचे म्हणून जे राखले आहेत, शृंगेरीस तुंगेच्या घाटावर यात्रेकरू ज्यांस चुरमुरे घालतात, ते कोणी बाजारातून आणून सोडलेले नाहीत. ते त्या त्या नदीचेच. पूर्वजांनी त्यांना मारू नये एवढेच केले. सोडण्याचे पुण्य आम्ही मागाहून जोडले.

तळीत गप्पी केवळ त्या बरणीतून आले, असे आम्ही ठामपणे म्हणू शकत नाही. डासांच्या मोहिमेतही ते येथे पडले असतील. पण बरणीची हकीकत आम्ही महाजनांस त्या दिवशी सांगितली. ते थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग खांद्यावरचा पंचा त्यांनी आमच्या हाती दिला, एक टोक स्वतः धरले, आणि या वयात आम्ही दोघे गुडघाभर पाण्यात उतरलो. तीन खेपांत चाळीस-एक मासे आले. सगळे गप्पी. एकाच्याही डोक्यावर ठिपका नव्हता. त्यांतील एका नखाएवढ्या नराच्या पाठीवरील परावर मात्र बारीकसा काळा डाग होता.

तळीचे पाणी ज्या पाटाने कुळागरात जाते, त्याच्या वरच्या अंगास एक झर आहे. तेथे ठिपक्याचे मासे अजून दिसतात, असे कुळागर राखणाऱ्याने सांगितले. येत्या चैत्रात तळी उपसून गाळ काढावयाचा देवस्थानने ठरविले आहे. पाणी संपूर्ण काढून चार दिवस तळ उन्हात राहू द्यावा, आणि पाणी भरल्यावर झरीतील दहा-वीस मासे घागरीतून आणावेत, असे महाजनांचे मत पडले. घागर आम्ही आणावी, असेही त्यांनी बजावले आहे.